‘नाइस’ या विशेषणाची कुळकथा

इंग्रजी भाषेत प्रसन्न हवेपासून सज्जन माणसापर्यंत कशालाही निःशंकपणे लावले जाणारे ‘नाइस’ हे विशेषण मुळात निंदावाचक होते, हे त्याच्या आजच्या सौम्य व सर्वप्रिय रूपावरून कोणाच्या ध्यानातही येणार नाही. लॅटिन भाषेत ‘ने’ म्हणजे संस्कृतातला ‘न’ आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. तेव्हा जो काही जाणत नाही तो ‘नेस्किउस’, अर्थात अज्ञ. आणि ज्या ‘स्कीरे’पासून हा अज्ञ जन्मला, त्याच्यापासूनच पुढे ‘सायन्स’ हा शब्दही निपजला.

फ्रेंच भाषेच्या द्वारे १३०० च्या सुमारास ‘नेस्किउस’ हा ‘नाइस’ होऊन इंग्रजीत दाखल झाला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असाच होता आणि चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या काव्यात त्याचा दाखला मिळतो. स्पॅनिश भाषेतील ‘नेसिओ’ हा त्याचा सगोत्र तर आजही मूर्खालाच उद्देशून योजला जातो. इंग्रजीत मात्र अज्ञानातून संकोच, संकोचातून नाजूकपणा, नाजूकपणातून चोखंदळपणा आणि चोखंदळपणातून काटेकोरपणा, अशा पायऱ्या चढत हा शब्द सूक्ष्म भेदाचा वाचक झाला. अत्यंत बारीक फरकाला ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणण्याची रीत त्या पायरीची साक्ष आजही देते. जे नाजूक व नेटके ते मनाला रुचणारच, म्हणून अठराव्या शतकात ‘सुखद’ हा अर्थ रूढ झाला.

हा नवा अर्थ सर्वांनाच मानवला असे नाही. जेन ऑस्टेनच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत, नायिका एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते, तेव्हा नायक हेन्री टिल्नी तिला छेडतो की नीटनेटकेपणा हा तर पुस्तकाच्या बांधणीचा गुण. आणि हा शब्द प्रारंभी बहुधा नेटकेपणा, औचित्य व सुसंस्कृतता यांपुरताच असावा, असेही तो सुचवतो. परंतु ज्या अर्थाला तो आद्य समजतो, त्याच्याही मागे मूर्खपणाचा अर्थ उभा आहे. म्हणजे शुद्धतेचा हा कैवारीदेखील वाटेतल्या एका मुक्कामालाच मूळ गाव समजून बसला.

शब्दाच्या मालकीची सनद व्युत्पत्तीच्या दप्तरात सापडत नाही, ती बोलणाऱ्यांच्या दीर्घ वहिवाटीने सिद्ध होते. म्हणून जुना ग्रंथ वाचताना त्या काळची वहिवाट मानावी आणि आज बोलताना आजची.