घाटमाथ्याची भाकरी

कन्नडच्या घाटमाथ्यावर जेवण म्हणजे भाकरी. बाकी सारे तोंडी लावणे. सातमाळ्याच्या उतारावरची मुरमाड जमीन आणि लहरी पाऊस यांना निभावते ती बाजरीच. पण ही अस्सल गावरान वाटणारी बाजरी आणि तिची थोरली बहीण ज्वारी, दोघीही मूळच्या आफ्रिकेच्या. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच त्या इकडे येऊन पोहोचल्या. ठेच्यातली मिरची अन् शेंगदाणा ही तर अमेरिकेची लेकरे. मिरची आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या गलबतांतून. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पितळखोऱ्याची लेणी कोरणाऱ्या कारागिरांना ठेचा ठाऊकच नव्हता! त्यांचे तिखट मिऱ्याचे आणि आल्याचे.

घाटाखाली चाळीसगाव इंग्रजांचे, वर कन्नड निजामाचे. १९४८ पर्यंत ही सीमा होती. परंतु ज्वारीत उडीद मिसळून थापलेल्या कळण्याच्या भाकरीला कोण अडवणार? चूल दोन्हीकडे एकच होती.

या भाकरीचे मोल कळले ते १९७२ च्या दुष्काळात. शेते करपली. खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी आली आणि घरात अमेरिकेची लाल मिलो. लोकांनी नाके मुरडली, पण त्याच दाण्याने दिवस काढले. मिलो ही तरी कोण? आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली ज्वारीच! एक बहीण फार पूर्वी आली, दुसरी जगाला वळसा घालून संकटात धावून आली.

यंदा फराळाच्या ताटाशेजारी एक भाकरीही असू द्यावी. सण गोडाचा खरा. पण त्या सणापर्यंत आपल्याला आणले ते तिनेच.