भाताच्या फुलाची वेळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पनवेल म्हटले की आता द्रुतगती मार्ग, रेल्वेचे जंक्शन आणि विमानतळ आठवतो. भातशेती करणाऱ्याला मात्र 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' ही बियाण्यांची नावे ठाऊक असतात. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या या जाती इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने दिल्या. त्याआधी काळा राता, भुरा राता हे देशी वाण खाजणांत पिकतच होते. मीठ सोसणारे भात आपल्याला जुन्या ओळखीचे. ऊन सोसणाऱ्या भाताचा प्रश्न मात्र अलीकडचा आहे, आणि त्याचा उगम, गंमत म्हणजे, विजेत आहे.

कोकणात भात म्हणजे पावसाळाच. हळवे, निमगरवे, गरवे ही आपली वर्गवारी दिवसांवर केलेली: कोणते लवकर तयार होते आणि कोणते उशिरा. जुने गरवे वाण पावसाळ्यानंतर दिवस लहान होऊ लागला की निसवत. उन्हाळी पिकाला ते कामाचे नव्हते, आणि तेव्हा उन्हाळ्यात पाणी तरी कुठे होते?

ते पाणी घाटावरून आले. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोलीला १९१५ साली, भिवपुरीला १९२२ साली आणि भिऱ्याला १९२७ साली सुरू झाली. यंत्रे फिरवून सुटलेले पाणी बारमाही वाहू लागले. भिवपुरीचे अवजल राजनाल्यातून कर्जतच्या शेतांत, तर भिऱ्याचे कुंडलिकेतून डोलवहाळ बंधाऱ्यापर्यंत आणि तिथून कालव्यांनी रोहा-माणगावकडे गेले. पुढे दिवसाच्या लांबीशी फारसे देणेघेणे नसलेले बुटके वाण आले. 'जया' १९६८ सालची. पाणी आणि बियाणे अशी दोन्ही हाताशी आली आणि रायगडात उन्हाळी भात रुजले. थंडीत पेरलेले हे पीक मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्यावर येते, आणि घोळ इथेच आहे.

भाताचे फूल आपण सहसा पाहत नाही. पाकळ्या नाहीत, रंग नाही, कवीला उपयोगाचे असे काहीच नाही. सकाळी उन्हे वर आली की तुसाची दोन कवचे उघडतात, पुंकेसर बाहेर येतात, परागकोश फुटतात, पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. तासाभरात सगळा व्यवहार आटोपतो आणि कवचे मिटतात ती कायमची. नेमक्या त्या तासात तापमान ३५ अंशांच्या वर गेले तर परागकोश नीट फुटत नाहीत, कुक्षीवर पराग कमी पडतात. दाणा धरत नाही. रोप हिरवेगार असते, बाहेरून काही कळत नाही. लोंबी भाराने वाकण्याऐवजी ताठ राहते तेव्हा शंका येते. वारवायला घेतल्यावर पळींज उडून जाते आणि सुपात थोडेच उरते. नांगरणी, आवणी, खत, मजुरी यांचा खर्च तोवर होऊन गेलेला असतो.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत साताके आणि योशिदा या जपानी शास्त्रज्ञांनी हे तपासले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फूल उमलतानाची उष्णता सर्वांत घातक ठरली. त्याआधीची कमी, आणि उमलून गेल्यानंतरच्या उन्हाने फारसे बिघडत नाही. त्यांनी तपासलेल्या वाणांत चिवट निघाला तो 'एन २२', उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातल्या नगीन्याचा. नगीना म्हणजे अंगठीतला खडा. नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक नसणार, पण नाव शोभले खरे.

रोपाची स्वतःची आणखी एक युक्ती म्हणजे पाणी बाष्परूपाने सोडून लोंबी थंड ठेवणे. ऑस्ट्रेलियात कोरड्या हवेत ती चांगली साधते. म्हणूनच तिथे चाळिशीच्या उन्हातही भात पिकते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, माणसाचाही नाही आणि भाताचाही नाही. मग उरते पहाटेची वाट. 'ओरायझा ऑफिसिनॅलिस' नावाचे रानभात लवकर उमलते. त्याचा तो गुण जपानी संशोधकांनी लागवडीच्या भातात उतरवला; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात 'आयआर ६४' या प्रसिद्ध वाणाचे फूल दीड ते दोन तास आधी उमलू लागले. दोन तास म्हणजे थोडेथोडके नव्हेत. सकाळच्या आठचे ऊन आणि दहाचे ऊन यांतला फरक आवणीला वाकलेल्या बाईला विचारावा.

मार्च २०१७ च्या अखेरीस भिरा गावी ४६.५ अंश तापमान नोंदले गेले आणि देशभर बातमी झाली. ज्या गावातून उन्हाळी भाताचे पाणी सुटते, तेच हे गाव, आणि महिना नेमका फुलोऱ्याचा. पेरणी आधी करा म्हणजे फुलोरा उन्हाच्या आधी उरकेल, हे म्हणणे सोपे आहे. पण डिसेंबरच्या गारठ्यात रोप वाढत नाही. आणि कालव्याला पाणी कधी सोडायचे, हे शेतकऱ्याच्या हातात नसते.