कावेरीवरील महाशीर-मासेमारी आणि स्थानिक वाटाड्या : एका उपेक्षित श्रमाचा इतिहास

प्रस्तावना

भारतातील शिकारीच्या इतिहासावर पुष्कळ लेखन झाले आहे. वाघ, हत्ती, गवा यांच्या शिकारीस त्यात मोठे स्थान मिळाले. नदीवरील गळाच्या मासेमारीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही. दक्षिण भारतात कावेरी नदीवर महाशीर या बलाढ्य माशासाठी सुमारे दीड शतक हौशी मासेमार येत राहिले. त्यांना पाण्यावर नेणारा, डोह दाखविणारा आणि आमिष तयार करणारा स्थानिक वाटाड्या या परंपरेचा कणा होता. प्रस्तुत निबंधात या वाटाड्याच्या कामाचे स्वरूप, त्याचे बदलते स्थान आणि त्याच्या ज्ञानाचे ऐतिहासिक साधन म्हणून असलेले मूल्य यांचा विचार केला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

महाशीर-मासेमारीस ग्रंथरूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस यांच्याकडे जाते. त्यांचा 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झाला. थॉमस हे केवळ हौशी मासेमार नव्हते. दक्षिण कॅनरा जिल्ह्यातील नद्यांमध्ये होणाऱ्या मत्स्यसंहाराकडे त्यांनी शासनाचे लक्ष वेधले. पुढे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली. अशा प्रकारे खेळ आणि संरक्षण या दोन प्रवृत्ती प्रारंभापासूनच एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

या काळातील नोंदी साहेबांच्या नावाने भरलेल्या आहेत. १९१९ साली रिव्हेट-कार्नाक यांनी कावेरीत ११९ पौंडांचा, तर १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील द वेट व्हॅन इंगेन यांनी काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर पकडला. मासा कोणी पकडला, त्याचे वजन किती, हे सर्व नोंदले गेले. होडी कोणी वल्हविली, कोणत्या खडकामागे मासा उभा राहतो हे कोणी सांगितले, याची नोंद सहसा आढळत नाही. शिकारवाङ्मयात वाटाड्या येतो तो बहुधा 'शिकारी' किंवा 'नोकर' या सामान्यनामाने. ज्या ज्ञानावर विक्रम उभे राहिले, त्या ज्ञानाचा धनी असा निनावी राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळ : खेळाचे पुनरुज्जीवन

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा क्षीण झाली. कावेरीतील प्रचंड महाशीर नष्ट झाला असावा, असा समजही पसरला होता. १९७७-७८ मध्ये ब्रिटिश मासेमारांच्या एका छोट्या चमूने येथे मोठे मासे पकडले आणि हा समज खोटा ठरला. तत्पूर्वी १९७२ साली बंगळूर येथे 'वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया' ही संस्था स्थापन झाली होती. तिने नदीचा काही भाग संरक्षणासाठी हाती घेतला. पुढे कर्नाटक शासनाच्या 'जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स' या कंपनीने भीमेश्वरी, दोड्डमाकळी व गालीबोरे येथे मासेमारीच्या छावण्या चालविल्या.

या छावण्यांनी परिसरातील ग्रामस्थांना वाटाडे म्हणून कामावर घेतले. त्यांतील काही जण पूर्वी जाळ्याने वा दारूच्या स्फोटाने मासे मारीत असत. ज्या हातांना मेलेल्या माशाचा बाजारभाव ठाऊक होता, त्याच हातांना जिवंत माशाचे मोल मिळू लागले, हा या व्यवस्थेचा सर्वांत महत्त्वाचा सामाजिक परिणाम होय.

हंगाम आणि वाटाड्याचे काम

मासेमारीचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतर पाणी ओसरून निवळले की सुरू होई आणि साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात तो भरात असे. वरच्या अंगाला असलेल्या कृष्णराजसागर व काबिनी या धरणांतून पाणी सुटले की नदीचे रूप बदलते. त्यामुळे कालचा डोह आज उपयोगी पडेलच असे नाही. पाण्याची पातळी आणि गढूळपणा पाहून जागा निवडणे हे वाटाड्याचे पहिले काम होते.

दुसरे काम आमिषाचे. नाचणीचे पीठ मळून, शिजवून त्याचे घट्ट गोळे केले जात. वेगवान प्रवाहात गोळा विरघळू नये, पण माशाला तोंडात धरता यावा, एवढाच तो कठीण हवा. ज्या धान्यावर परिसरातील माणूस जगतो त्याच धान्यावर मासा पकडला जाई. याखेरीज खेकड्याचाही आमिष म्हणून उपयोग होत असे.

तिसरे काम सर्वांत अवघड होते. गळाला लागलेला महाशीर प्रवाहाबरोबर वेगाने धाव घेतो आणि दोर खडकांत अडकतो. अशा वेळी वेताच्या टोपलीसारख्या गोल होडीत पाहुण्यास बसवून, एकाच वल्ह्याने खळाळ ओलांडून दोर सोडवावा लागे. मासा हाती आल्यावर त्याचे वजन करून त्याला पाण्यात सावरू देणे आणि सोडून देणे, हा छावण्यांचा नियम होता. प्रत्येक माशाची नोंद वहीत केली जाई.

छावणीच्या वह्या : एक ऐतिहासिक साधन

या वह्या पुढे मत्स्यविज्ञानाच्या दृष्टीने मोलाच्या ठरल्या. गालीबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी होत्या. माशांची संख्या वाढत असून सरासरी वजन घटत आहे, असे त्यातून दिसले. म्हणजेच लहान मासे वाढले होते आणि संरक्षणास यश आले होते, असा अर्थ निघत होता.

तथापि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने जातिनिहाय विचार केला तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. वाढलेला मासा निळ्या परांचा होता, म्हणजे 'टॉर खुद्री'. कावेरीचा मूळचा कुबडा महाशीर मात्र विरळ होत चालला होता, आणि जे सापडत ते बहुधा मोठे होते. नवी पिढी तयार होत नसल्याचे ते लक्षण होते.

येथे या इतिहासाचा महाराष्ट्राशी थेट संबंध येतो. 'खुद्री' या जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळील मुळा-मुठेतील माशांवरून केले. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले. या कार्यात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व ओगले यांचा वाटा मोठा होता. तेथील मत्स्यबीज अन्य राज्यांतही पाठविले गेले आणि सद्हेतूने सोडलेला हा मासा कावेरीत स्थिरावला. महाराष्ट्रात अभिमानास्पद ठरलेला प्रयोग अन्य खोऱ्यात तेथील मूळ जातीस स्पर्धक ठरला, हे नोंदविणे आवश्यक आहे.

कुबड्या महाशीरास तर दीर्घकाळ स्वतःचे निश्चित शास्त्रीय नावही नव्हते. साईक्स यांनीच दिलेल्या 'मुसल्ला' या नावाशी तो चुकीने जोडला जात असे. २०१८ साली तो 'टॉर रेमादेवी' असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

छावण्यांचा शेवट

छावण्यांचा परिसर १९८७ साली घोषित झालेल्या कावेरी वन्यजीव अभयारण्याशी निगडित होता. वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात गळाने मासेमारी चालू शकते काय, हा प्रश्न उपस्थित झाला. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथील मासेमारी थांबली. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे, कारण सोडून दिलेल्या माशासही इजा होतेच. परंतु त्याबरोबर वाटाड्यांची हंगामी उपजीविका गेली, नदीवरील त्यांची राखण कमी झाली आणि नोंदींची मालिकाही खंडित झाली.

निष्कर्ष

१. महाशीर-मासेमारीचा लिखित इतिहास पाहुण्यांचा आहे. तो शक्य करणाऱ्या स्थानिक ज्ञानाची नोंद त्यात अल्प आहे.

२. छावण्यांनी वाटाड्यास वेतन व प्रतिष्ठा दिली. तथापि त्याची उपजीविका पाहुण्यांवर आणि शासकीय परवानगीवर अवलंबून राहिली.

३. छावणीच्या वह्यांचे दोन अर्थ निघाले, यावरून केवळ एकूण संख्येवर विसंबणे किती घातक असते हे स्पष्ट होते. साधन तेच असले तरी प्रश्न बदलताच उत्तर बदलते, हे इतिहासाच्या अभ्यासकासही लागू आहे.

४. ज्या वाटाड्यांनी हे मासे वर्षानुवर्षे हाताळले, त्यांच्या स्मृती मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित होणे निकडीचे आहे. वह्यांत माशाचे वजन उरले आहे. नदीची ओळख मात्र माणसांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे आता वृद्ध होत आहेत.