कागदाने घडवलेली गोळी

रिव्हॉल्व्हरच्या सरावाची काडतुसं घरीच भरून घेण्याचा नाद अमेरिकेत जुना आहे. डागलेल्या काडतुसाची पितळी नळी वाया जात नाही. टोपी, दारू आणि गोळी नवी बसवली की ती पुन्हा कामाला येते. दारूच्या मापात कोणी शहाणपण करत नाही, ते छापील कोष्टकातून घेतात. वाद रंगतात ते गोळीवरून. गोल तोंडाची घ्यावी, खांदेवाली, तांब्याच्या कवचाची की सपाट तोंडाची? यातली शेवटची दिसायला अगदीच बावळट. शिशाचा नुसता दंडगोल, ना टोक ना निमुळतेपणा. तिला ‘वॉडकटर’ म्हणतात. ठासणीच्या बंदुकीत दारूवर बसवायच्या नमद्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या ज्या पंचाने कापत, त्याचं हे नाव.

तिचा हा आकार कागदासाठी आहे. गोल तोंडाची गोळी कागद कापत नाही. ताणते आणि फाडते. गोळी निघून गेल्यावर ताणलेला कागद थोडा मिटतो, कडेला चिंध्या लोंबतात आणि भोक गोळीच्या व्यासाहून लहान दिसतं. आता नियम असा की भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला शिवली तर वरचा गुण. चिंधी रेषेवर आहे, पण भोक आहे का? भिंग घेऊन बसलेला परीक्षक आणि हातघाईवर आलेला नेमबाज यांच्यात नऊ की दहा यावरून जुंपते. सपाट गोळी ऑफिसातल्या पंचिंग मशीनसारखं स्वच्छ, पूर्ण व्यासाचं भोक पाडते. नेम सुधारत नाही; नेमाचा पुरावा सुधारतो. माझ्या मते या गोळीची सगळी कुळकथा एवढ्यात आली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अशी गोळी नेमबाजांत रुजवण्याचं श्रेय अब्राहम हिमेलराइट या अमेरिकन इंजिनिअरकडे जातं. गृहस्थ अवलिया. १८९३ साली बिटररूट पर्वतातल्या एका शिकारी मोहिमेत हिमात अडकून कसाबसा परतलेला. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर इमारतींच्या पडझडीवर अहवाल लिहिणारा. आणि रिव्हॉल्व्हर नेमबाजीवरच्या पुस्तकाचा लेखक. त्याच्या नावाच्या गोळीचे साचे विकत मिळत. चुलीवर शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, की गोळी तयार.

त्याच सुमारास इंग्रजांनीही सपाट तोंडाकडे मोर्चा वळवला होता, पण हेतू निराळा. १८९८च्या वेबली रिव्हॉल्व्हरच्या गोळीला पुढे खोलगट वाटी होती आणि तिचं टोपणनावच ‘मॅनस्टॉपर’. ती माणसासाठी होती, कागदासाठी नव्हे. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यातल्या गोळ्यांनी युरोपात गदारोळ उठलेलाच होता. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना बंदी घातली आणि मॅनस्टॉपर मागे घ्यावी लागली. कागदावर मात्र कुठल्याच जाहीरनाम्याची कृपा नव्हती.

पुढे .३८ स्पेशल या काडतुसात वॉडकटर स्थिरावली. (नावात ३८, प्रत्यक्षात व्यास ०.३५७ इंच, बंदुकांच्या जगात नावांवर विश्वास ठेवू नये.) वजन १४८ ग्रेन, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. कारखान्याची गोळी मऊ शिशाची, बूड पोकळ. दारूच्या दाबाने बूड फुगून रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या आट्यांत घट्ट बसतं. ही युक्ती फ्रेंच मिन्येने १८४९मध्येच बंदुकीत वापरली होती. वेग वाढवायच्या मोहात दारू जास्त झाली की बुडाची पातळ कड फाटू शकते, म्हणून ही गोळी मंदच बरी.

घरी ओतणाऱ्याला कडक शिसं हवं, नाहीतर ते नळीत चोपडतं. त्यासाठी लागतात अँटिमनी आणि कथील, म्हणजे आपल्या छापखान्यातल्या खिळ्यांचाच मसाला. लायनोटाइपचा धातू तिकडे गोळ्यांसाठी आवडीने वापरत. छापखाने ऑफसेटवर गेले तसा तो दुर्मिळ झाला.

दोषही आहेत. लांबच्या पल्ल्यावर ती भरकटते. काडतुसाच्या तोंडाशी सपाट बसवलेली असल्यामुळे घाईत भरताना तिची कड चेंबरच्या काठाला अडते; गोल तोंडाची आपसूक सरकते. १९२०च्या दशकात एल्मर कीथने पुढे आखूड नाक आणि मागे धारदार खांदा ठेवून मधला मार्ग काढला. तीच खांदेवाली. एकच गोळी सरावाला आणि शिकारीला हवी असेल तर मी हिलाच कौल देईन.

मोठी ठेच निराळ्या ठिकाणी लागली. सौम्य, स्वस्त वॉडकटर काडतुसांवर सराव करायचा आणि कमरेला जोरकस मॅग्नम बाळगायची ही अमेरिकन पोलिसांची रीत होती. १९७०मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉलजवळच्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार जवान मारले गेले. त्यानंतर जे बाळगायचं त्यावरच सराव, हा आग्रह वाढला.

नेमबाजीच्या मैदानात मात्र तिचं बस्तान ढळलं नाही. १९६१मध्ये स्मिथ अँड वेसनने केवळ या सपाट काडतुसांसाठी ‘मॉडेल ५२’ पिस्तूल काढलं. गोल तोंडाचं लांब काडतूस त्याच्या मॅगझिनमध्ये मावतच नसे. २५ मीटर सेंटर फायर या आंतरराष्ट्रीय प्रकारात, ज्यात जसपाल राणाने २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली, बहुतेकांची पसंती .३२च्या वॉडकटरला असते. मोठ्या स्पर्धांत आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट गोळी कुठून गेली ते सेन्सरने मोजतं. भोक स्वच्छ आहे की फाटकं, याची त्याला फिकीर नाही. तरी नेमबाज भरतात ती सपाट तोंडाचीच.