सह्याद्रीतील सहा वाटा : केव्हा जावे, कोठून चढावे

डोंगरभटकंतीची आवड जोपासण्यासाठी महाराष्ट्रातील शहरवासीयांना फार दूर जावे लागत नाही. मुंबई, ठाणे, पुणे व नाशिक या चारही शहरांपासून काही तासांच्या अंतरावर सह्याद्रीची मुख्य रांग उभी आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून ती घडली. त्यामुळे उभा कडा, मग सपाट माची आणि पुन्हा कडा अशी येथील डोंगरांची ठेवण दिसते. किल्ले बांधणाऱ्यांनी याच ठेवणीचा उपयोग करून घेतला. या रांगेतील वाटा अनेक आहेत. मात्र कोणती वाट कोणाला झेपेल हे केवळ डोंगराच्या उंचीवरून ठरत नाही. ऋतू कोणता, वाटेत पाणी आहे का आणि पायथ्याच्या गावात माहीतगार माणूस मिळतो का, या तीन गोष्टी उंचीइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. सोप्या वाटेपासून अवघड वाटेपर्यंत अशा सहा ठिकाणांची ही ओळख.

राजमाची

नवख्यांनी सुरुवात करावी ती येथून. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत सुमारे १५ किलोमीटरची वाट आहे. अंतर मोठे असले तरी तीत दमवणारा चढ फारसा नाही. कर्जतकडून कोंदिवडे गावातून येणारी वाट मात्र अंगावरच्या चढाची असून वाटेत कोंढाणे लेणी पाहता येतात. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले व त्यांच्यामधील भैरवनाथाचे मंदिर ही येथील खूण. पावसाळ्याच्या तोंडावर येथील झाडे काजव्यांनी लखलखतात. काजवे प्रकाशाच्या खुणांनी आपला जोडीदार शोधत असल्याने विजेऱ्यांचे झोत आणि वाहनांचे दिवे त्यांना बाधतात. काजवे पाहायला जाणाऱ्यांनी अंधारच राखावा.

कळसूबाई

१,६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वोच्च आहे. अकोले तालुक्यातील बारी गावातून नेहमीची वाट चढते. घोटीमार्गे तेथे पोहोचता येते. उभ्या कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविल्याने सराव नसलेलेही माथा गाठू शकतात; दम मात्र चांगलाच लागतो. माथ्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर असून नवरात्रात परिसरातील भाविकांची तेथे रीघ लागते. आकाश निरभ्र असल्यास अलंग, मदन व कुलंग हे दुर्गत्रिकूट आणि भंडारदऱ्याचा जलाशय नजरेच्या टप्प्यात येतो. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर गर्दी होते. पावसात ओल्या पायऱ्यांवर घाई करणे धोक्याचे असते.

नाणेघाट

ही वाट किल्ल्यापेक्षाही जुनी, व्यापाराची वाट आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांचा माल याच घाटाने जुन्नरकडे जात असे. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरील वैशाखरे गावाच्या पुढून पायवाट सुरू होते आणि दाट झाडीतून दगडी फरसबंदीच्या घळीत येते. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. भारतातील अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे. माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे परंपरेने सांगितले जाते. लेण्याच्या भिंतींवर नावे कोरण्याचा प्रकार दोन हजार वर्षांचा हा दस्तऐवज पुसून टाकणारा आहे. शेजारचा जीवधन किल्ला व वानरलिंगी सुळका हे मात्र सराव असलेल्यांचे काम.

राजगड ते तोरणा

रायगडापूर्वी राजगड ही शिवाजी महाराजांची राजधानी होती. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या व मधोमध उभा बालेकिल्ला अशी गडाची रचना आहे. गुंजवण्याहून चोरदरवाजाने किंवा पाली दरवाजाच्या रुंद राजमार्गाने गडावर जाता येते. येथवर वाट मध्यम श्रेणीची. खरा कस लागतो तो संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून, डोंगराच्या धारेने तोरण्याची बुधला माची गाठताना. या चालीला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. धारेवर सावली थोडी आणि पाणी त्याहून थोडे, म्हणून प्रत्येकाने किमान तीन ते चार लिटर पाणी सोबत ठेवावे. गडावरील मुक्कामाविषयी पुरातत्त्व विभागाचे नियम आधीच विचारून घ्यावेत.

साल्हेर

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील हा किल्ला १,५६७ मीटर उंच असून महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला मानला जातो. १६७२ मध्ये त्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगल फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत साल्हेर व राजगड या दोहोंचा समावेश आहे. साल्हेरवाडी किंवा वाघांबे या गावांतून चढाई करता येते. वाघांब्याची वाट साल्हेर आणि सालोटा यांच्यामधील खिंडीतून जाते. कातळात कोरलेल्या पायऱ्या, दरवाजांची मालिका आणि माथ्यावरील परशुरामाचे मंदिर पाहून एका दिवसात परतता येते. शहरापासूनचे अंतर मोठे असल्याने येथे गर्दी कमी असते.

हरिश्चंद्रगड

एकाच डोंगराला सोपी आणि अत्यंत अवघड अशा दोन्ही वाटा कशा असू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण. पाचनईहून येणारी वाट सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे येणारी लांब आणि दमवणारी. तर कोकणातील बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट केवळ अनुभवी गिर्यारोहकांसाठी. हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतील पाण्याने वेढलेले शिवलिंग आणि कोकणकडा ही येथील वैशिष्ट्ये. कोकणकडा आत वळलेला असल्याने काठावरून त्याची पोकळी ध्यानात येत नाही. छायाचित्रासाठी काठाशी जाण्याचा मोह येथे जिवावर बेतू शकतो. हा परिसर अभयारण्यात मोडतो, याचेही भान असावे.

पायथ्याच्या गावांचे काय?

या सहाही वाटांची दारे गावांतून व वाड्या-वस्त्यांतून उघडतात. झुणका-भाकरीची सोय, रात्रीचा निवारा, धुक्यात वाट दाखवणारा सोबती आणि अपघात झाल्यास सर्वांत आधी धावून येणारे हात, हे सारे तेथलेच. डोंगराचा धोकाही पहिल्यांदा तेथेच पोहोचतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाला जाणारे अनेक जण याच ठाकरवाडीत विसावा घेत असत. वाडीला पायवाटेखेरीज रस्ता नव्हता. त्यामुळे अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि बचाव पथकांना व स्थानिक गिर्यारोहकांना हातांनी माती उपसावी लागली.

म्हणूनच अतिवृष्टीचा इशारा असताना डोंगरात जाऊ नये. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी प्रवेशबंदी करते. ती पाळल्याने पर्यटकांप्रमाणेच त्यांच्या शोधासाठी बाहेर पडावे लागणाऱ्या गावकऱ्यांचाही जीव वाचतो. अवघड वाटेवर गावातील वाटाड्या ठरवून त्याला योग्य मोबदला द्यावा. निघण्यापूर्वी घरी वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. संकटात ११२ हा क्रमांक उपयोगी पडतो. मात्र दऱ्यांमध्ये भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो, हे गृहीत धरावे. प्लास्टिक परत आणावे आणि पिण्याच्या टाक्यात उतरू नये, कारण पावसाळ्यात भरलेले ते टाके मेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाची तहान भागवत असते.

पाऊस ओसरल्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बहुतेक वाटांसाठी सर्वांत अनुकूल असतो. टाकी भरलेली असतात, हवा स्वच्छ असते आणि सोनकीच्या पिवळ्या फुलांनी सुरुवातीचे काही आठवडे माच्या झाकून गेलेल्या असतात.