विश्वासाचे माप: केंब्रिजचा वाद आणि हुजूरबाजार

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत-जामखेड भागात रब्बीची ज्वारी पेरणारा शेतकरी ‘यंदा हस्त बरसेल’ म्हणतो, तेव्हा तो काय मोजतो? मागच्या चाळीस वर्षांत हस्त किती वेळा बरसला, हे, की आपल्याला किती भरवसा वाटतो, हे? यंदाचा हस्त तर एकदाच येणार. फाशासारखा तो पुन्हा टाकून पाहता येत नाही.

विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये हाच वाद रंगला. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९२१ च्या ग्रंथात संभाव्यता म्हणजे पुरावा आणि विधान यांच्यातील तार्किक नाते, असे मांडले. फ्रँक रॅम्सी यांना ते नाते कुठे दिसेना. माणूस कितीची पैज लावतो यावरून त्याचा विश्वास मोजावा, असे त्यांनी १९२६ मध्ये सुचवले. हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३९ मध्ये पुन्हा तर्काची बाजू घेतली: आधीचा विश्वास नव्या पुराव्यानिशी नियमाने बदलत न्यावा. रोनाल्ड फिशर यांना ते अमान्य होते. हाती आलेली निरीक्षणे ज्या अंदाजाने सर्वाधिक संभवनीय ठरतात तो अंदाज घ्यावा, आधीच्या विश्वासाला मध्ये आणू नये, ही त्यांची रीत.

कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार (१९१९–१९९१) हे जेफ्रीज यांचे विद्यार्थी. पण १९४८ साली त्यांनी जी सिद्धता दिली, ती फिशर यांच्या रीतीविषयी. या रीतीच्या समीकरणाला सत्याच्या जवळ जाणारे उत्तर असते, हे हॅराल्ड क्रामेर यांनी १९४६ मध्ये दाखवले होते. ठरावीक अटींखाली, निरीक्षणे वाढत जातील तसे असे उत्तर एकच उरते, हे हुजूरबाजारांनी सिद्ध केले. गुरूच्या प्रतिपक्षाचा पाया शिष्याने पक्का केला, आणि त्यात गुरुद्रोह नव्हता. प्रश्न गणिताचा होता. पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. नगरची महाविद्यालयेही याच विद्यापीठाच्या कक्षेतली.

निरीक्षणे भरपूर असली की दोन्ही पंथ बहुधा एकाच मुक्कामी पोचतात. खरा भेद पुरावा तोकडा असतानाचा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या आयुष्यात मोजून चाळीस-पन्नास हस्त येतात. आधीचा भरवसा त्याला टाकून देता येत नाही. मात्र जेफ्रीज यांच्या गणितात एक इशारा आहे. आधीचा विश्वास शून्य धरला, तर पुढे कितीही पुरावा आला तरी तो शून्यच राहतो. म्हणून कोणतीही शक्यता पुरावा पाहण्याआधीच पुसून टाकू नये. हे पावसाला लागू आहे, तसेच माणसांविषयीच्या आपल्या मतांनाही.