खुरासणीचं परत आलेलं पोतं



काल वरकस रानातली खुरासणी झोडून झाली. सगळी मिळून दीड पोतं. (खालच्या बाजूची मंडळी कारळे म्हणतात, तेच हे.) चाळताना चाळणीखाली बारीक, गोल, मातकट दाणे पडले. अमरवेलीचं बी. ते दिसलं की मला दादांचं परत आलेलं पोतं आठवतं.

तीसेक वर्षं झाली असतील. दादांनी तालुक्याच्या बाजाराला खुरासणी नेली. व्यापाऱ्यानं मूठभर हातावर घेऊन फुंकली आणि म्हणाला, "बाबा, यात अमरवेल आहे. हा माल परदेशात पाखरांना जातो, तिकडं हे चालत नाही. घाण्याच्या भावानं द्यायची तर द्या." दादा पोतं घेऊन घरी आले. रात्री जेवताना एवढंच बोलले, "माणसाला चालतं, पाखराला चालत नाही म्हणे." व्यापाऱ्यानं भाव पाडायला थाप मारली, असंच मी धरून चाललो होतो. ती थाप नव्हती हे फार उशिरा, मोबाईल हातात आल्यावर वाचून वाचून कळलं. दादा तोवर गेले होते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडं हिवाळा म्हणजे पाखरांची सुगी. भात, नागली, वरई, ज्वारी सगळं तेव्हाच भरतं, आणि आपण गोफण घेऊन माळ्यावर बसतो. युरोप-अमेरिकेत उलटं. जमीन बर्फाखाली, किडा-मुंगी नाही, दिवस सात-आठ तासांचा आणि रात्र सोळा तासांची. चिमणीएवढं पाखरू अशा एका रात्रीत अंगच्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा गमावतं. दुसऱ्या दिवशी ते भरून नाही निघालं तर त्याची पुढची सकाळ अवघड. म्हणून आपण जिथं हाकलतो तिथं ते बोलावतात. यात ते दयाळू आणि आपण निर्दय असं काही नाही, ज्याचा त्याचा हंगाम.

नॉर्वेकडचे शेतकरी नाताळाला ओटची पेंढी काठीला बांधून अंगणात उभी करतात, पाखरांसाठी. ही जुनी चाल. आपण दाराला कणसं टांगतो त्याचीच बहीण म्हणा. इंग्लंडात मात्र हे शहरात वाढलं. १८९०-९१ चा हिवाळा तिथं फार कडक गेला, पाखरं मरून पडायला लागली. वर्तमानपत्रांनी लोकांना सांगितलं की घरातला उरलासुरला तुकडा बाहेर टाका. ती थंडी सरली पण सवय राहिली. १९१० मध्ये 'पंच' नावाच्या मासिकानं तर पाखरांना खाऊ घालणं हा देशाचा छंद झाल्याचं लिहिलं. जर्मनीत फॉन बर्लेप्श नावाचे एक जमीनदार होते. ते चरबी वितळवून त्यात दाणे घालायचे आणि ते मिश्रण झाडाच्या फांद्यांवर ओतायचे. गोठलं की पाखरं टोचून खायची. जमीनदारानं पाखरांना बोलवायचं कारण साधं, ती झाडावरची कीड खातात.

मग महायुद्ध आलं. इंग्लंडात अन्नाला रेशन लागलं आणि १९४० मध्ये अन्न वाया घालवणं गुन्हा ठरला. पाखरांना पाव टाकला म्हणून एका बाईंना दंड झाल्याचीही नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या देशात वर्तमानपत्रं पाव टाका सांगत होती, तिथं. पोट रिकामं झालं की माणूस पाखराच्या वाट्याचा हिशोब कसा करतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरातही सांगितला जातो.

आता आपल्या पोत्याकडं येतो.

युद्धानंतर पाव मागं पडला आणि विकतचा दाणा आला. १९६९ मध्ये अमेरिकेत पीटर किलहॅम या माणसानं प्लास्टिकची उभी नळी काढली. आत दाणा, बाजूला भोकं, भोकाशी पाखराला बसायला काडी. अशा नळीला बारीक चिरा पाडल्या की त्यातून फक्त बारीक दाणा निघतो, आणि तोही बारीक चोचीच्या पाखरालाच काढता येतो. तो बारीक, काळा, तेलकट दाणा म्हणजे आपली खुरासणी. तेल पस्तीस-चाळीस टक्के, थंडीला त्याच्यासारखं इंधन नाही. खाणारं पाखरू गोल्डफिंच. अमेरिकेतलं वेगळं, इंग्लंडातलं वेगळं, पण दोघांना ही आवडते. माल जातो भारतातून, इथिओपियातून आणि म्यानमारमधून. इथिओपिया तर हिचं माहेर. नावावरून खुरासाण आठवतो, पण पीक तिथल्या डोंगरातलं.

आणि इथं अमरवेल आडवी येते. तिला मूळ नाही, पान नाही, दुसऱ्याच्या अंगावर जगते. एकदा रानात शिरली की काढता काढता जीव जातो. अमेरिकेला भीती पडली की दाण्याबरोबर ही आपल्या शेतात उतरेल. म्हणून त्यांच्या नियमात बसवलं की येणारी खुरासणी १२० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं तापवायची. असं तापवलं की अमरवेलही उगवत नाही आणि खुरासणीही नाही. चव राहते, कूस जाते. म्हणजे व्यापारी बोलला ते खरं होतं, फक्त त्यानं कारण सांगितलं नाही. दोन वाक्यं जास्त बोलला असता तर दादांना ते एवढं लागलं नसतं.

नावाचीही गंमत आहे. इंग्रजीत हिला नायजर म्हणतात. तिकडं तो शब्द चुकून काळ्या लोकांना दिल्या जाणाऱ्या एका घाण शिवीसारखा उच्चारला जायचा. म्हणून पाखरांच्या दाण्याच्या तिथल्या व्यापारी संघटनेनं १९९८ मध्ये स्पेलिंग बदलून नाव नोंदवून घेतलं. आपलं बी, पण पाकिटावरचं नाव त्यांच्या मालकीचं. आपल्याकडं तर एके काळी नाफेड, ट्रायफेडसारख्या ठरावीक संस्थांमार्फतच ही निर्यात व्हायची. माझ्यासारख्याला पोतं कुठं जातं हे कळायची सोयच नव्हती.

फळ काय मिळालं? इंग्लंडात १९७० पासून बागेतल्या दाण्यावर कोण येतं याची दर हिवाळ्यात नोंद होते. सुरुवातीला गोल्डफिंच क्वचित एखाद्या बागेत यायचा. चाळीस वर्षांत तो बहुतेक बागांत दिसायला लागला. त्यात खुरासणीचा आणि सूर्यफुलाच्या गराचा हात आहे असं अभ्यासक मानतात. दुसरी बाजूही सांगतो. एकाच नळीवर गर्दी झाली की रोग पसरतो. २००५ पासून तिथल्या ग्रीनफिंच नावाच्या पाखरात घशाचा रोग शिरला आणि ती निम्म्याहून खाली आली. आता ते लोक नळ्या धुऊन वाळवायला सांगतात. आपण कोंबड्यांची भांडी धुतो तसंच.

इकडं मात्र खुरासणीचा पेरा कमी होत चाललाय. नागली, वरई आणि तिसऱ्या वर्षी खुरासणी, हा आमच्या उतारावरचा फेर आता कोण धरतो? दसऱ्याला डोंगर पिवळा व्हायचा, मधमाश्यांचा नुसता गुंजारव. माशी नसली तर हिला दाणा भरत नाही. मी दहा गुंठे तेवढे ठेवलेत. इगतपुरीच्या संशोधन केंद्राचं 'फुले कारळा' मिळालं तर पुढल्या साली तेच टाकीन.

चाळणीखालचं बी उकिरड्यावर टाकू नका, खताबरोबर परत रानात जातं. मी चुलीत घातलं.

खळ्यावर सांडलेलं सकाळपासून मुनिया टिपतायत, चाळीसेक असतील. यांना बिनतापवलेलंच मिळतंय. एक पोतं घाण्यावर जाईल, बाकीचं चटणीला आणि बियाण्याला. तुमच्याकडं यंदा काय भाव निघालाय, कळवा.